तुमची हरकत नाही ना?

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. माघी पौर्णिमा. पहाटे गारठा, दहानंतर ऊन चांगलेच तापले. नळ आज यायचा होता, दुपारपर्यंत आला नाही. नांदेडहून तनुजाचा फोन; डोळ्यांत थेंब घालणे चुकवू नकोस म्हणाली. गंगम्माने हुरडा पाठवला. पंचाक्षरीअण्णा चारच्या सुमारास वर आले. मॅग्नसचे उत्तर आले आहे. अण्णांनी त्याला एका शब्दात उलट उत्तर दिले, स्वतःच्या बोटाने. बाकीचे संध्याकाळी लिहीन.

आजच्या पानावर एवढेच लिहून मी वही मिटली. पण मॅग्नस कोण आणि लातूरच्या एका भांड्यांच्या दुकानदाराचे त्याच्याशी काय देणेघेणे, हे त्या चार ओळींतून कुणाला कळणार नाही. ते सांगायचे तर अण्णांपासूनच सुरुवात करायला हवी.

पंचाक्षरी कोरे मूळचे उदगीरचे. मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. माझे पती होते तेव्हा आम्ही भाडेकरू म्हणून आलो, आणि ते गेल्यावरही अण्णा आणि त्यांची बायको गंगम्मा यांनी मला कुठे जाऊ दिले नाही. मी वयाने मोठी, म्हणून ते मला अक्का म्हणतात. शाळेत असताना अण्णा फुटबॉल खेळत. गोलात उभे राहायला दुसरे कुणी तयार नसे, म्हणून ते उभे राहत, आणि पुढे त्यांना तीच जागा आवडू लागली. एक दिवस मॅच चालू असताना त्यांचे वडील महादेवप्पा छत्री घेऊन मैदानात आले. "चल. दुकानात माणूस न्हाई," एवढेच म्हणाले. अण्णा गोल मोकळा सोडून त्यांच्या मागे निघाले, ते कायमचेच. पुढे कुटुंब लातूरला आले, गंजगोलाईत दुकान झाले, आणि अण्णांचे सारे आयुष्य पितळ, स्टील आणि हिंडालियम यांच्यात गेले.

गोलकीपर मात्र त्यांच्यातून गेला नव्हता. दुकानात कुणा बाईच्या पदराने पेल्यांची चळत ढासळली की अण्णा बसल्या जागेवरून झेपावत आणि खाली पडणारे पेले वरच्यावर झेलत. गिऱ्हाइके हसत. अण्णा हसत नसत. सुटलेला एखादा पेला उचलून त्याला पोचा आला का हे बघत राहत.

दोन्ही गुडघे बदलल्यावर दुकान वीरेशकडे, त्यांच्या मुलाकडे गेले. अण्णा दिवसभर घरी. टीव्ही त्यांना सहन होत नसे. तेव्हा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी त्यांची नात दामिनी सुट्टीला आली होती. तिने त्यांना मोबाईलवर एक फुटबॉल लीग दाखवली.

ही लीग म्हणजे आपण समजतो तसला बोटांनी खेळायचा खेळ नाही. जगभरची माणसे तिच्यात एकेक खेळाडू तयार करतात. त्याला नाव द्यायचे, त्याची जागा ठरवायची आणि दर आठवड्याला त्याला तालीम द्यायची, म्हणजे उडी, पकड, नजर अशा गोष्टींचे गुण वाढवायचे. मॅच कॉम्प्युटर खेळतो. आपण फक्त संध्याकाळी अहवाल वाचायचा: अमक्याने चेंडू मारला, तमक्याने अडवला. प्रत्येक संघाला मॅनेजर असतो, तोही कुठेतरी घरी बसलेला खराखुरा माणूसच. एक हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. खेळाडूचे वयही वाढते. काही हंगामांनंतर त्याचे गुण उतरू लागतात आणि शेवटी त्याला निवृत्त करावे लागते.

अण्णांनी गोलकीपर केला. नाव ठेवले महादेवप्पा.

"वडिलांचं नाव?" मी विचारलं.

"त्यांनीच मला गोलातून उठिवलं होतं न्हवं अक्का? आता ऱ्हावा म्हनलं तुमीच उभे. बघा कसं वाटतंय."

खालून गंगम्मा ओरडली, "अय्यो, सासऱ्याला चड्डी घालून उभं केलं का काय ह्यांनी?"

गुण वाढवायचे तर लीगमध्ये दर आठवड्याला इंग्रजीत एक परिच्छेद लिहावा लागे. कधी विषय असे कप्तान कसा असावा, कधी मॅचच्या आधी तुमचा खेळाडू काय खातो. अण्णांचे इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरते, आणि मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तेव्हा ते सांगत आणि मी लिही. महादेवप्पा मॅचच्या आधी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खातो, हे आम्ही लिहिले तेव्हा संघातल्या तिघा-चौघांनी चटणीची कृती मागितली. ती गंगम्माने सांगितली, पण लसणाचे प्रमाण मुद्दाम लपवले.

"असं कसं सांगायचं परक्याला?" म्हणाली. "आन् हे काय खेळून राहिले म्हणं! गुडघे बदलायला गावभर दवाखाने हिंडले, आता गोलात उड्या मारतेत. त्याबी खुर्चीत बसून."

मॅग्नस याच संघातला दुसरा गोलकीपर. नॉर्वेच्या किनाऱ्यावर फेरीबोटीवर काम करून निवृत्त झालेला माणूस. त्याचा खेळाडू जुना झाला होता, तरी गोलात तोच उभा राही आणि अण्णांचा महादेवप्पा बाकावर असे. अण्णांना कुठले गुण आधी वाढवावेत हे कळत नव्हते, ते मॅग्नसने शिकवले. उडी नंतर, आधी नजर, असे तो लिही. गोलकीपरांनी गोलकीपरांना सांभाळायचे असते, असेही लिही. अण्णा मला ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावत. तिसऱ्या हंगामात मॅग्नसने बऱ्याच मॅचेस मुद्दाम महादेवप्पाला दिल्या. नवीन माणसाने शिकावे म्हणून. त्याला स्वतःला इतक्या हंगामांत कप कधी मिळाला नव्हता. एकदा उपांत्य फेरीत हरले, एकदा अंतिम सामन्यात. हे सगळे त्याने अण्णांना सांगितले होते आणि मी ते मराठीत करून वाचून दाखवले होते.

पाचवा हंगाम सुरू होण्याआधी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला लेकीकडे, तनुजाकडे गेले. एका डोळ्यानंतर दुसरा, त्यामुळे मुक्काम लांबला. वाचन बंद, लिहिणे बंद. माझी रोजची नोंदसुद्धा तनुजा लिहून घेई. जाताना मी अण्णांना म्हणाले होते, "मी नसताना लांबलचक लिहू नका. दामिनीने मोबाईलवर भाषांतर करायचं दाखवलंय ना, त्यातून वाचा. उत्तर हो का नाही, एका शब्दात द्या. इंग्रजीत थोडक्यात लिहिणं चांगलं."

"हाव," अण्णांनी होकार दिला होता.

मी परत आले तेव्हा संघाने कप जिंकला होता. गोलात महादेवप्पा होता. गंगम्माने पेढे वर आणून दिले. "घ्या अक्का, सासरे जिंकले म्हणं," म्हणाली. अण्णा मात्र पेढ्यांच्या मागून वर आले नाहीत. दोन दिवस आले नाहीत. मला वाटले, गुडघा दुखत असेल.

तिसऱ्या दिवशी ते आले. हंगाम संपल्यावर एक परिच्छेद लिहायचा असतो, कुणाचे तरी आभार मानायचे असतात. डोळे नवे होते आणि वाचायची हौस दाटून आली होती, म्हणून मी मागचे सगळे निरोप सुरुवातीपासून वाचायला घेतले. हंगामाच्या आधीचा मॅनेजरबाईंचा निरोप सापडला. त्या कॅनडातल्या कुठल्याशा शाळेत ग्रंथपाल आहेत, फार सौम्य लिहितात. त्यांनी लिहिले होते की मॅग्नसच्या खेळाडूचा हा शेवटचा हंगाम आहे, संघ यंदा मजबूत आहे, म्हणून सगळ्या मॅचेस त्याला द्याव्यात असे मनात आहे. महादेवप्पाला अजून खूप हंगाम आहेत. या वेळी तो बाकावर बसला तर तुमची हरकत नाही ना?

खाली अण्णांचे उत्तर होते. यस.

मला पहिल्यांदा हसू आले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर विचारायच्या, तू गृहपाठ केला नाहीस का? आम्ही नांदेड-परभणीकडच्या मुली म्हणायचो, यस सिस्टर. म्हणजे होय सिस्टर, नाही केला. त्यांना वाटे केलाय, आणि मग वही कोरी निघाली की खोटे बोलल्याबद्दल छडी. हरकत नाही ना, याला आपण 'हो' म्हणतो म्हणजे खरोखरच हरकत नाही. इंग्रजीत त्याच 'हो'चा अर्थ होतो, हो, आहे हरकत.

मॅनेजरबाईंनी तसाच अर्थ घेतला होता. त्यांचे पुढचे निरोप वाचले तेव्हा माझे हसू गेले. अण्णांचे मन दुखवू नये, पुढे अनेक वर्षे खेळणारा गोलकीपर जाऊ नये, म्हणून त्यांनी गोल महादेवप्पाला दिला होता आणि मॅग्नसला दुसरीकडे खेळता यावे यासाठी संघातून मोकळे केले होते. दुसऱ्या कुठल्याही संघाला म्हातारा गोलकीपर नको होता. एकही मॅच न खेळता त्याचा खेळाडू निवृत्त झाला. आणि अंतिम सामन्याच्या दिवशी मॅग्नसचा एका ओळीचा निरोप होता: छान अडवलेस, महादेवप्पा.

मी अण्णांना सगळे समजावून सांगितले. अगदी हळू सांगितले. शेवटी मी म्हणाले, "म्हणजे चूक झाली ती शब्दाची. तुमच्या मनात तसं नव्हतंच. आणि एका शब्दात उत्तर द्या, हे मीच सांगून गेले होते."

अण्णा खिडकीतून खाली बघत होते. "हाव," म्हणाले. मग खिडकीचा गज धरून, "पर मला ठावं होतं, अक्का."

"काय ठाऊक होतं?"

"शब्दाचं न्हाई. ते आज कळालं. पर पहिल्या मॅचची यादी आली तवा माजं नाव गोलात. मला बाकावर बसिवणार होते की. मी तर हाव म्हनलं होतं. मग मी गोलात कसा? मॅग्नस कुटं?"

"मग विचारायचं नाही का?"

"इचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी."

ते पुढे बोलत राहिले, माझ्याकडे न बघता. "मनात म्हनलं, त्यानंच सोडला असंल आपल्यासाठी. मागं सोडल्याच होत्या की मॅची. असं मनाला सांगून राहिलो. दर मॅचला सांगून राहिलो. भाषांतराचं बटन हातात होतं, दाबलं न्हाई. गोलात उभं ऱ्हायला लई ग्वाड वाटत होतं हो."

आभाराचा परिच्छेद त्या दिवशी लिहून झाला नाही.

त्यानंतर अण्णा बदलले. जेवताना मध्येच हात थांबे. गंगम्माने मला जिन्यात गाठले. "अक्का, ह्यान्ला काय झालंय? राती झोपेत 'नो नो' म्हनलालेत. इंग्रजी शिकवली तुमी, आता तुमीच उतरवा." मी तिला सांगितले. ती ऐकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कॉम्प्युटरातला माणूस, त्याचा कॉम्प्युटरातला कप. त्याच्यापायी भाकर सोडायची?" असे म्हणाली खरी, पण लगेच आवाज उतरवून म्हणाली, "त्या नॉर्वेवाल्याला लसणाचं खरं प्रमाण कळवू का?"

मॅग्नसचा खेळाडू परत येणार नव्हता. निवृत्त झालेला खेळाडू पुन्हा उभा करता येत नाही, हा लीगचा नियम. कप परत देता येत नाही, त्यावर महादेवप्पाचे नाव लागले आहे. हे अण्णांनी मॅनेजरबाईंना माझ्याकडून विचारून घेतले होते. तेव्हा राहिले होते ते फक्त सांगणे. आणि सांगितले तर मॅग्नस, जो आजवर त्यांना भला माणूस समजत होता, तो तसे समजणार नाही. अण्णांना भीती होती ती याचीच. तरी ते गेल्या आठवड्यात वर आले आणि म्हणाले, "लिवा अक्का."

मी पहिला मसुदा लिहिला. भाषेच्या गैरसमजामुळे घडलेल्या प्रकाराबद्दल मनःपूर्वक खेद वाटतो, वगैरे. वाचून मराठीत सांगितले.

"ह्याच्यात मी कुटं हाय?" अण्णांनी विचारले.

दुसरा लिहिला. त्यात मी त्यांना भरपूर घातले. अपराधाचे ओझे, अंतःकरण, रात्रंदिवस, सगळे. कॉन्व्हेंटने शिकवलेले एकही वाक्य मी शिल्लक ठेवले नाही.

"एवढं रडू नगा. मॅग्नसला वाटंल मी मेलो आन् बायकोनं लिवलंय."

तिसरा त्यांनी सांगितला आणि मी फक्त इंग्रजीत उतरवला, एकही शब्द सुधारला नाही. तो असा होता: "मॅनेजरबाईंनी मला विचारले तेव्हा मला हरकत नव्हती. मी लिहिले त्याचा अर्थ हरकत आहे असा झाला. ही चूक. मग यादीत माझे नाव दिसले तेव्हा काहीतरी बिघडले आहे हे मला कळले. मी विचारले नाही, कारण मला गोलात राहायचे होते. ही चूक नाही. हे मी केले. कप तुझा होता. माझ्या खेळाडूला माझ्या वडिलांचे नाव आहे. त्यांनी दुकानात कुणाची विसरलेली पिशवीसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली नाही, घरी नेऊन दिली. मला तुझे परत नेऊन देता येत नाही. पंचाक्षरी."

एका शब्दात उत्तर द्यायला मी सांगितले होते, हेही त्यात घालू का, असे मी विचारले. "तुमचं नाव कशाला? यादी तुमी वाचली होती का?" म्हणाले. मॅग्नसला एकट्याला पाठवू का, असेही विचारले. तो अजूनही संघाच्या पानावर येऊन मॅचेसचे अहवाल वाचतो. "न्हाई. सगळ्यांसमोर टाका. कप सगळ्यांसमोर घेतला की."

संघातल्यांची उत्तरे तासाभरातच येऊ लागली. काही हरकत नाही, खेळच आहे, कुणाच्याही हातून होते, मनाला लावून घेऊ नका. मॅनेजरबाईंनी तर उलट स्वतःचीच चूक म्हणून माफी मागितली. प्रत्येक उत्तराबरोबर अण्णा जास्तच खचत गेले.

"सगळे म्हनतेत काही न्हाई. काही न्हाई कसं? झालंय की!"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. महादेवप्पाचे गुण सध्या संघात सर्वांत वरचे आहेत. तरी नव्या हंगामासाठी त्यांनी त्याला बाकावर बसवायला सांगितले, आणि गोल दिला एका नवख्या मुलीच्या खेळाडूला. पहिल्या मॅचमध्ये तिने चार गोल खाल्ले. अण्णांनी संपूर्ण अहवाल वाचून घेतला, आणि तिला माझ्याकडून लिहवले: उडी नंतर, आधी नजर. ती ओळ कुणाची होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मॅग्नसचे उत्तर मात्र येत नव्हते. अण्णा रोज वर येत, मोबाईल माझ्यासमोर ठेवत. मी बघून मान हलवी. ते "बरं" म्हणून जिना उतरत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

आज चारच्या सुमारास ते आले तेव्हा मोबाईल हातात धरूनच उभे राहिले. चहा नको म्हणाले. "आलंय. मी भाषांतर करून वाचलंय. तरी तुमी एकदा वाचा. ह्या खेपेला चुकायचं न्हाई मला."

मी चष्मा लावला. मॅग्नसने फार लिहिले नव्हते. पत्र मिळाले. पुन्हा पुन्हा वाचले. खरे सांगितलेस हे बरे केलेस. संघातले बाकीचे काही नाही म्हणतात, पण मला तसे म्हणता येत नाही. अकरा हंगाम मी तिथे उभा होतो. मी अजून काही दिवस तुझ्यावर रागावून राहणार आहे. तुझी हरकत नाही ना?

शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. मॅनेजरबाईंनी विचारले होते तसेच, त्याच घडणीचे इंग्रजी वाक्य होते. मॅग्नसने ते जाणूनबुजून तसे लिहिले की त्यांच्याकडे तसेच बोलतात, ते मला सांगता येणार नाही.

"अण्णा, याचं उत्तर..." मी बोलायला लागले.

त्यांनी हात वर केला. दुकानात एखादा पेला घरंगळू लागला की करत, तसाच. "थांबा अक्का. सांगू नगा."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. ओठ हलत होते. "हरकत न्हाई ना... हाव, न्हाई... म्हंजे हाव न्हाई, न्हाई..." कपाळावर आठ्या पडल्या. खालून गंगम्माने हुरड्याचे भांडे परत मागितले. त्यांनी ऐकले नाही. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी दाबले आणि मोबाईल माझ्यापुढे केला. नो.

"बराबर?"

"बरोबर."

"म्हंजे तो आता रागावून ऱ्हाईल?"

"राहील."

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले आणि त्यांनी ते पाठवले. पाठवल्यावरही ते काही वेळ तसेच बसून होते, मोबाईल दोन्ही तळव्यांत घट्ट धरून, जणू तो हातून सुटेल. मग गंगम्माचे भांडे घेऊन खाली गेले.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली आणि आजच्या नोंदीखाली एवढेच लिहिले: सात वाजता नळ आला. पाणी गढूळ, तुरटी फिरवून ठेवली.